पत्र्यातलं भोक

भोक ना? ते फोटोत दिसणार नाही, फोटो पुढून काढलाय. प्रविणने काढला, माझ्या मुलाने — बोईसरला नोकरीला असतो, त्यानेच फोनवर टाकलं, जुना कॉम्प्युटर देणे आहे म्हणून. मला विचारलं नाही. तुम्ही तलासरीहून एवढ्या उन्हात मोटरसायकलवर आलात, तुमचा काही दोष नाही, बसा, पाणी घ्या. पण डब्याच्या पत्र्याला भोक आहे. पंख्यासाठी पाडलंय. — पंखा एवढासा आणि भोक एवढं? हो, झालंय थोडं मोठं. ते जाऊ द्या. आधी आतलं काम बघा.

मी डायवाला. पोलादावर नक्षी कोरायची, सोनार त्याच्यावर पत्रा ठोकून दागिना उठवतो — वरोरला आमच्याकडे घरोघर हेच काम. शाळा चौथीपर्यंत. पुढे डोळ्यांना बारीक नक्षी दिसेना, काम सुटलं, पण हात काही सुटत नाहीत, ते आपले चुळबुळ करत राहतात. मग हे लागलं — कुणी जुना कॉम्प्युटर टाकला की आणायचा, उघडायचा, फोनवर हिंदीत व्हिडिओ असतात ते बघत बघत जोडायचा. तुम्हीही तेच करता ना? मग तुम्हाला सांगायला नको. घरातले म्हणतात भंगार. खारा वारा असा की आज बसवलेला स्क्रू पावसाळ्यानंतर फिरत नाही, पार्ट मिळत नाहीत, दुकानात गेलं की पोरं हसतात — आजोबा, नवीन घ्या ना. वैताग येतो हो. नवीन घ्यायचा असता तर मी पार्ट कशाला मागितला असता?

हा मात्र घरचाच. प्रविणच्या कॉलेजसाठी घेतलेला. तो नोकरीला गेला आणि ह्याच्यावर आमची हिरकणी बसायला लागली — माझी बायको. पत्त्यांचा खेळ. दुपारी भांडी आवरली की बटण दाबायची, आत जाऊन चहा टाकायची, तेवढ्यात हा कर्र कर्र करत उठायचा, आणि ती कप घेऊन येऊन बसायची. एवढ्या वर्षांत त्यात बदल नाही. आता तिला विसरायला होतं. म्हणजे बरंच होतं. मला कधी तिच्या भावाच्या नावाने हाक मारते. पण दुपार झाली की बटण दाबते, आणि पत्ता कुठे ठेवायचा ते तिला बरोबर कळतं. प्रविणने तिला टॅब आणून दिला होता — त्याच्यावर तिने लसूण सोलला.

मग मी काय केलं? मी शहाणपणा केला. म्हटलं, बिचारी किती थांबते, हा फार हळू झालाय. मेमरी वाढवली, करंटचा डबा बदलला, जुनी डिस्क काढून ती नवी चिपवाली बसवली. उठायला लागला असा, की बटण दाबलं आणि पत्ते हजर. मला काय आनंद झाला होता. आणि ती दुपारी आली, बटण दाबलं, चहा टाकायला गेली — आणि तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, काय गो? तर म्हणाली, लागला नाही. आवाज नाही ना! चिपला आवाज कुठला? ती परत आली आणि तिने परत बटण दाबलं. म्हणजे बंद. चालू झालेला बंद केला तिने. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग ओट्यावर जाऊन हात मांडीवर ठेवून बसली. म्हणाली, मेला वाटतं तो.

जुनी डिस्क परत बसवायची, बरोबर, मीही तेच म्हटलं. पण ती मी उघडली होती. काढली त्याच दिवशी. आत चकचकीत तबकडी असते ना, आरशासारखी — अहो, असं पॉलिश आम्हाला जन्मात जमलं नाही. आणि आमच्याकडे डाय हातावेगळी झाली की तेलाचा हात फिरवूनच ठेवतात, नाहीतर खाऱ्या वाऱ्याने सकाळपर्यंत गंज. मी त्या तबकडीवर तेलाचा हात फिरवला. प्रेमानेच फिरवला. आता ती फिरतही नाही. — हसा, हसा, प्रविणही हसला.

दुसऱ्या जुन्या डिस्क आणल्या, त्या मुक्या नाहीतर मेलेल्या. सुनेने, नूतनने, फोनवर कुठूनतरी तसा आवाज शोधून लावला — तर ही घरभर फोन शोधत फिरली, कुणाचा वाजतोय म्हणून. मी कंटाळलो. सोडून दिलं. मग एक दिवस पंख्यासाठी हे भोक पाडलं होतं, एवढंसंच, पंख्याच्या मापाचं, आणि मी कानशीने त्याची धार घासत होतो. ती कधी आली, बटण कधी दाबलं, मला कळलंच नाही. आतून आवाज आला — लागला का? आले हं.

आली. कप घेऊन बसली. पूर्ण डाव खेळली.

म्हणून ते भोक मोठं झालंय, भाऊ. रोज घासतो. पत्रा किती पुरणार, ह्या बाजूचा तर संपतच आला. बोलायचं नव्हतं खरं तुमच्याशी हे. प्रविण म्हणतो, बाबा, आईला किती दिवस फसवणार, ते मशीन काढा, तिचं तिला विसरू द्या. म्हणून ती जाहिरात. आता मला सांगा, ह्यात फसवणं काय आहे? मशीन तर खरंच चालू असतं. त्याला फक्त आवाज नाही, तो मी काढतो. दुपारचा मी कुठे जात नाही, लग्नाला नाही, मयताला नाही, एवढंच. — तुमच्याकडे जुन्या कॅबिनेटचा असा एखादा जाड पत्रा पडलेला असेल का? गंजका चालेल. गंजका जरा जास्तच चांगला वाजतो.

थांबा. आली ती.

ये गो. पाहुणे आहेत, तलासरीचे. — नाही, तुझा भाऊ नाही, पाहुणे. हो, त्यांनाही टाक चहा. नूतन आहे ना आत? मग झालं. बटण? दाब ना. तूच दाब.

गेली. आता गॅसपाशी उभी राहील आणि कान इकडे ठेवील. ती कानस द्या जरा, तुमच्या हाताशी आहे ती. मशीन द्यायचं नाही, प्रविणला मी सांगेन. चहा घ्या आणि निघा, ऊन उतरायला लागलंय. पण आता बोलू नका. आणि तिने आतून विचारलं, लागला का, तर तुम्ही उत्तर देऊ नका. तिला ऐकू द्या.