गवई मधेच थांबतो तेव्हा

मुलुंडच्या कान तपासणी केंद्रात रुचिरा आपल्या नंबरची वाट बघत होती. शेजारी एक आजोबा कानाला नवं यंत्र लावून नातीच्या मोबाइलवरचं गाणं ऐकत होते.

“आजोबा, हे आहे तरी काय?” नातीनं विचारलं.

“जर्मन विनोदी ऑपेरा. त्यांचं संगीत नाटकच म्हण ना. सत्तर वर्षांपूर्वी भरल्या थिएटरात रेकॉर्ड केलेलं.”

“मग, कसं वाटतंय?”

“बाई झकास गाते. वाद्यंही चोख. फक्त हा खर्जातला गवई मधेच थांबतो. त्याला ताल कळत नाही, असं मी माझ्या मित्राला, धोंडूला, दहा वर्षं ठणकावून सांगतोय. थांब गं, हा आवाज कसला?”

“लोक हसतायत ना!”

“हसतायत?”

“खूप. तो थांबतो तेव्हाच.”

“मागे घे. पुन्हा लाव.”

नातीनं लावलं.

“अगं, हा कुठला चुकतोय? हसू ओसरायची वाट बघतोय! आणि काय अचूक उचलतो बघ. या ऑपेराचं याहून सरस रेकॉर्डिंग नाही. मी सांगतो!”

“धोंडू आजोबा तेच म्हणत होते.”

“लाव त्याला फोन. माझी चूक मीच सांगणार.”

रुचिराचा नंबर पुकारला गेला.

“तुम्ही जा आधी,” ती आजोबांच्या फोनकडे कान लावून पलीकडच्या बाईंना म्हणाली.