शेजारची सीट

नाही गं, गाडी छानच आहे, गाडीबद्दल माझं काही म्हणणं नाही — मी एवढंच विचारत होते की शेजारच्या सीटलासुद्धा ब्रेक असलेली एखादी नसते का तुमच्याकडे? पायाशी, छोटासा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला असतो बघ, शिकवणाऱ्याच्या बाजूला — तसा. नसतो? कॅराव्हॅनला, ह्या राहायच्या गाडीला, नसतोच. बरं बरं, हसू नकोस, मला काय ठाऊक, मी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. विचारायला काय जातंय म्हणून विचारलं. आणि तुला अगंतुगं केलं तर चालेल ना? माझ्या लेकीच्याच वयाची दिसतेस. मी जरा अशी तिरकी बसते, म्हणजे मला पटांगण दिसेल — हे तिकडे गेलेत ना, तुमच्या त्या टोपीवाल्याबरोबर, भाड्याने मिळायच्या आधी गाडी चालवून दाखवायला. मला म्हणाला, काकू, तुम्ही ऑफिसात बसा, गाडीत फक्त चालवणारा आणि मी. म्हटलं, अहो, मी मागे बसते, एक शब्द बोलणार नाही — खोटंच की ते, पण म्हटलं. तर नाही म्हणे, नियम आहे. असू दे. नियम असावेत.

तर काय विचारत होतीस? जागा कुठली हवी — अगं, तीच ती, फोटोत दाखवलीस ती, झाडांखाली गाड्या उभ्या आहेत आणि उतरलं की थेट वाळू. आम्ही दोघं आणि दोन नातवंडं — मोठा आणि ठकी. लेक-जावई नाहीत येत, त्यांना कुठली सुट्टी — पोरांना उन्हाळ्याची सुट्टी आणि आईबापांना कामं, मग आजी-आजोबा असतात कशाला! सगळा बेत ह्यांचा. निवांत जायचं, म्हणतात, एकदम निवांत, घड्याळ घरी ठेवून. सकाळी दार उघडायचं की पायाशी समुद्र. चहा करायचा, खुर्च्या मांडायच्या, पोरांनी लाटांत लोळायचं, आणि कंटाळा आला तर पुढच्या किनाऱ्यावर जायचं — घरासकट. ह्या 'घरासकट'वर इतके खूश आहेत की भेटेल त्याला सांगतात. आणि ठकीने तर ड्रायव्हरच्या डोक्यावरची ती माळ्यासारखी झोपायची जागा आहे ना, ती आत्ताच अडवून ठेवलीये. पोहायचा चष्मा लावून जेवते आमची बया. — रस्ता कसा आहे गं तिथला? वळणावळणाचा. हो, फोटोत दिसलाच थोडा. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला — हो, समुद्रच असणार, दुसरं काय असणार म्हणा. कठडा आहे ना पण? बऱ्याच ठिकाणी आहे. बऱ्याच ठिकाणी म्हणजे कुठे कुठे नाही, असंच ना?

नाही, मी कुठे घाबरतेय. ह्यांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलंय, पोरी. निम्मं शहर ह्यांच्या हाताखालून गेलंय. रस्त्यात लोक हात करतात, सर, सर म्हणून — आणि मग मी हळूच सांगते, अहो, उजवीकडे तुमचा तो लांब मानेचा विद्यार्थी, हात करतोय — की हे ऐटीत मान डोलावतात. असं रोज चालतं आमचं. मला मात्र कधी शिकवलं नाही. तू भित्री, म्हणायचे, तू शेजारी बस आणि गप्पा मार. तेच करतेय मी. — बघ, बघ, वळवली. काय सुरेख वळवली गं! हात अजून तसाच आहे ह्यांचा, लोण्यासारखा. आणि समोरचं तर अगदी स्वच्छ दिसतं त्यांना, दूरवरची पाटीसुद्धा वाचतात.

समोरचं म्हणजे — अगं, काही नाही, बोलायची पद्धत. तू लिही तुझं, किती माणसं, किती दिवस. लायसन्स? आहे की, मुदत संपायची आहे अजून. कागदावर माणूस ठणठणीत आहे. — तू अशी बघत का राहिलीस माझ्याकडे? मी काय म्हटलं असं? समोरचं दिसतं म्हटलं. दिसतंच. बाजूचं नाही दिसत. झालं? डावं नाही, उजवं नाही, मधलं तेवढं दिसतं, पुंगळीतून बघितल्यासारखं — नळीतून गं, नळीतून. काचबिंदू. औषध घालतात डोळ्यांत, पण गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर, आणि सरळ तोंडावर सांगितलं, आजपासून गाडी बंद. मी तिथेच बसले होते. हे हसले. म्हणाले, डॉक्टर, मी तुमच्या भावाला गाडी शिकवलीये. जसं काही त्यावरून काही ठरतं!

आणि तुला वाटेल, काय बाई आहे, नवऱ्याला अडवलं नाही. अडवलं गं. किल्ली लपवली होती मी, पिठाच्या डब्यात. मागितलीच नाही त्यांनी. मागितली असती तर भांडले असते, मला भांडता येतं. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दाढी नाही, आंघोळ नाही, ताट ठेवावं तसं उचलावं. एवढा बोलघेवडा माणूस — शिकवताना विद्यार्थ्यांना विनोद सांगायचे, घाबरलेली पोरं हसून हसून गाडी बंद पाडायची — तो माणूस हूं नाही की चूं नाही. लेक फोन करायची तर मी म्हणायचे, झोपलेत. किती दिवस झोपवणार माणसाला? मला वाटायला लागलं, हा असाच उठायचा नाही आता. शेवटी एका सकाळी मीच किल्ली धुऊन त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, चला, भाजी आणायची आहे, मी बसते शेजारी. बाकी काही म्हटलं नाही. उठले. दाढी केली. गुणगुणत केली. सांग, मी काय करायला हवं होतं?

तर तेव्हापासून मी बोलते. नाही, 'डावीकडे सायकल आहे' असं नाही म्हणायचं — तसं म्हटलं की अपमान. मी म्हणते, अहो, सायकलवर डबल सीट कशाला न्यावं माणसानं, ती बघा डावीकडे बिचारी कशी धापा टाकतेय — की हे जरा उजवीकडे घेतात. त्या बंगल्याला काय भडक रंग काढलाय म्हटलं, की त्या बाजूने काहीतरी येतंय. काय बाई उकडतंय म्हटलं, की हळू. आणि मी जोरात खोकले, की थांबायचं. कधी ठरवलं नाही आम्ही हे. एका शब्दानं बोललो नाही. जमत गेलं, जमत गेलं — इतक्या वर्षांच्या संसारात नव्हतं एवढं जमायला लागलं, खरं सांगते. लेक म्हणते, आई, तुझ्या तोंडाची टकळी गाडीत बसल्यावर जास्तच सुरू होते. आणि हे तिला म्हणतात, असू दे गं, मला सवय आहे. घरी येऊन मी चपला काढते तेव्हा माझा घसा बसलेला असतो, आणि हे म्हणतात, काय मस्त फेरी झाली!

परवा मात्र — नको, ते जाऊ दे. नाही, काही झालं नाही, कुणाला लागलंबिगलं नाही. फोन आला लेकीचा. ह्याच सहलीचा फोन, हसशील तू — पोरांचे पोहायचे कपडे किती घेऊ म्हणून विचारत होती. मी म्हटलं, ठकीला दोन जास्त दे, ती वाळूतच बसते — आणि एवढं म्हणेपर्यंत आवाज झाला. एक बाई रस्ता ओलांडत होती. हातात मटारच्या शेंगांची पिशवी. ह्यांच्या गाडीचा आरसा पिशवीला लागला — पिशवीला हं, तिला नाही — पण ती जी मटकन खाली बसली रस्त्यात, आणि शेंगा सगळीकडे, चाकांखाली, गटारापर्यंत. कानाशी लेक आपली हॅलो हॅलो करतेय. आणि हे काय म्हणाले माहितीये? म्हणाले, आंधळी आहे का ही बाई! — मी उतरले, तिला उठवलं, शेंगा गोळा करत राहिले. ती म्हणाली, राहू द्या हो आजी. मी आपली वेचतेय, वेचतेय, कारण वर बघायची हिंमत नव्हती. परत येऊन बसले तर हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते. तसंच बघत म्हणाले, गाडीत फोन घेत जाऊ नकोस.

म्हणजे त्यांना ठाऊक आहे, पोरी! मला वाटत होतं मी फसवतेय त्यांना, त्यांचा मान राखतेय. त्यांना सगळं ठाऊक आहे. आणि त्यानंतर, दुसऱ्याच दिवशी, हा समुद्राचा बेत पक्का केला त्यांनी. आधी नुसतं बोलणं होतं, तारीख नव्हती. पोरांना तारीख सांगून टाकली, लेकीला सांगून टाकली. मी म्हटलं, आपण आगगाडीने जाऊ, हॉटेलात राहू. तर म्हणाले, तू आहेस ना शेजारी. असं म्हणाले. माझ्याकडे न बघता. अगं, आहे मी शेजारी, पण त्या रस्त्यावर मागे ठकी किंचाळणार, आजी शू, आजी भूक, आजी ह्याने मारलं — मी मान मागे वळवली की काय होणार? एक शिंक आली मला की काय होणार? मला ती दोघं पोरं दिसतात सारखी, त्या माळ्यावर, चष्मा लावलेली. मी सांगणार होते लेकीला. तोंडापर्यंत येतं आणि तो भिंतीकडे वळलेला माणूस आठवतो. एकदा उठवला, दुसऱ्यांदा नाही उठायचा तो. कुणाला मारू मी, सांग ना!

म्हणून म्हणते, तू सांग. तू म्हण ना, त्या तारखांना गाडी नाही, सगळ्या गेल्या. तुझं काय जातंय त्यात? तुझ्यावर चिडतील, टेबलावर हात आपटतील, दोन दिवस कंपनीला शिव्या देतील आणि विसरतील. मी हात जोडते हे बघ. — टोपीवाला ठरवणार? त्याने बरी चालवली म्हटलं की द्यावीच लागते? आणि तू आत्ता ऐकलंस त्याचं काय? ऐकलंस ना सगळं! — हो, बरोबर आहे तुझं, मीच बायको आहे, तू कोण. चुकलं माझं. तुला कशात पाडतेय मी.

थांब. गाडी थांबली का गं? का थांबली? ते दोन खांब आहेत त्यांच्या मधून काढायची आहे ना — तेवढ्यातून तर सहज जाईल, ह्यांनी असल्या फटींतून पोरं शिकवून बाहेर काढलीयेत. टोपीवाला हात दाखवतोय. बाजूने हात दाखवतोय, मेला, पुढे उभं राहून दाखवायचा ना! — हॉर्न. हो, ऐकलं मी. नाही, बिघाड वगैरे नाही काही. मला बोलावतायत. तीनदा वाजवतात ना, ती मी. भाजी घ्यायला रेंगाळले, कुणाशी बोलत उभी राहिले, की असंच — तीनदा.

काय म्हणतोय तो तिकडून? काकूंना पाठवा. नियम नाही आता? सर म्हणतात मिसेस शेजारी असली की जमतं, म्हणून एकदा बसू द्यायचं. बघ. बघ किती सोपं आहे. मी गेले ना, तर ते गाडी अशी काढतील त्या खांबांमधून की तुमचा माणूस टाळ्या वाजवेल. मी नुसतं म्हणायचं, काय हो, डावीकडचा खांब किती मळलाय — बास, पास. किल्ली हातात. पोरं गाडीत. — नाही, मला पाणी नको. तू बस. त्याला सांग काकू येत नाहीत. कारण विचारलं तर काही सांगू नकोस, नुसतं येत नाहीत म्हण. अजून वाजवतायत. ऐकतेस ना? त्यांना वाटतंय मला ऐकू गेलं नाही. ती खिडकी लावून घे गं. तू लाव. मी उठले तर तिकडेच जाईन.