पिवळा ऑक्टोपस

(जेवणाचं टेबल. ताटांच्या जागी लॅपटॉप.)

मुलगी : आई, बाबा, खरं खरं सांगा. मी हुकूमशहा आहे का?

आई : आता कुणाला काय केलंस?

मुलगी : मैत्रिणींनी पैज लावलीय. म्हणाल्या, घरी हे विचारायची तुझी हिंमत नाही.

बाबा : हिंमत तर दिसली. पुढे?

मुलगी : आमच्या नाटकाचा डायग्राम केलाय. प्रत्येक कामाचा एक चौकोन. ज्याची जी कामं, त्यांच्यामागे त्याच्या रंगाचा शेप. पिवळा माझा.

बाबा : अगं, कारखान्यातले पाइपांचे नकाशे मी असेच रंगवतो! पण साधा आयत ओढायचा ना.

मुलगी : ओढला होता! पण माझी कामं पानभर पसरलेली. आयतात सगळ्यांचीच यायला लागली. म्हणून एकेक बिंदू टाकत स्वतःचा शेप काढला. लेखनापासून निघाला, दिग्दर्शनाला वळसा, खाली प्रकाशयोजना, मग मुख्य भूमिका... वळणं काय सुरेख आलीत! मी तर तो ग्रुपवर टाकून विचारलं, कसा वाटतोय?

आई : मग?

मुलगी : एक म्हणाली, ऑक्टोपस. बाकीच्या म्हणाल्या, मग उद्यापासून तालीम ऑक्टोपसबरोबरच कर. आम्ही येत नाही.

आई : मागच्या सुट्टीत तू बाबांच्या झोपेचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं होतंस.

बाबा : छान होतं ते. दुपारची झोप होती त्यात.

मुलगी : बाबा, मी इथे बुडतेय!

आई : हा एक चौकोन का गं सोडलास? पिवळा रंग अगदी अंग चोरून गेलाय त्याच्या कडेने.

मुलगी : पडदा ओढणे. ते मिटुकलीचं. वर्गात फारशी बोलत नाही, ती.

आई : तिला हेच हवं होतं?

मुलगी : मी दिलं.

आई : विचारून?

मुलगी : ...तेवढी खाच काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आई. तिचं काम चुकूनही माझ्या पिवळ्यात यायला नको म्हणून. आणि मनात म्हणत होते, काय मोठं मन आहे माझं!

बाबा : पुसायचंय? दे इकडे, आधी शेपवर क्लिक कर आणि—

मुलगी : थांब, तुला नाही जमणार, मीच करते. ...बघितलंत? परत तेच!

आई : हसू नका हो तुम्ही.

मुलगी : हसू दे. ऐका, माझं ठरलंय. लेखन झालंच आहे, ते राहू दे माझं. बाकी सगळे रंग पुसून उद्या नुसते चौकोन घेऊन जाते. आधी बाकीच्या निवडतील. मिटुकली सगळ्यांच्या आधी. उरेल ते मी करेन.

बाबा : आणि पडदाच उरला तर?

मुलगी : तर पडदा ओढेन. फक्त कधी ओढायचा, ते मी ठरव... ते मी त्यांना विचारेन.