तात्यांच्या फौजदाराचं चित्र

...आणि वर लोक म्हणतात, पेन्सिलीने चित्रं काढणं म्हणजे कसा शांत छंद! शांत? तुम्हाला सांगतो, त्या रूपेशच्या भुवईला टाके पडलेत, पोटरीची चाळण झालीय, आणि हातात कोयता नव्हता हो, सिक्स-बीची पेन्सिल होती! हे सगळं कशासाठी? एका कोंबड्याच्या चित्रासाठी!

म्हणजे बघा, पोरगा चांगला. तारापूरला एका कारखान्यात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी बोईसरच्या फ्लॅटवाल्यांच्या कुत्र्यामांजरांची चित्रं काढायचा, अशी की मालकीणबाईंनी कागदालाच चुचकारावं! त्याचं जमलं माकुणसारच्या तेजलशी. तिचे वडील तात्या. तात्यांची वाडी, वाडीत केळी, नारळ आणि फौजदार. फौजदार म्हणजे कोंबडा हो! त्याच्या भीतीने पोस्टमनसुद्धा फाटकाबाहेरूनच हाक मारायचा. रूपेश मागणी घालायला गेला, तर तात्या काय म्हणाले? "जनावरांची चितरं काढतोस ना? मग आमच्या फौजदाराचं काढ. हुबेहूब पायजे. जमलं तर पोरगी तुझी." रूपेश म्हणाला, फोटो घेऊन जातो. "फोटोवरून कोनपन काढंल! समोर बसून काढ." बरं, पाय तरी बांधा त्याचे? "बांधला तर तो फौजदार कसला?"

झालं! दर रविवारी बिचारा ओट्यावर, मांडीवर फळी घेऊन. चोच काढायला मान वर केली की चोच हजर! डोळा काढायला वाकला की डोळ्यावरच झेप! तेजल सूप घेऊन आडवी उभी, तर सुपालाही भोकं. एकदा तर भुवई फुटली आणि रक्ताचा थेंब टपकन कागदावर, नेमका तुऱ्यावर... तर तात्या मागून, "वा! रंग बरोब्बर बसला!" अहो, पोराचं रक्त आहे ते! पण सांगायचं कोणाला? एका कोंबड्याच्या चित्रासाठी!

तरी काढलं पठ्ठ्याने. नखं, तंगडीवरचे खवले, पीस न् पीस. तात्यांनी चित्र हातात घेतलं, हरखले, आणि एकदम लालबुंद. "मानेवर टक्कल?" आता फौजदाराच्या मानेवरची पिसं मारामाऱ्यांत गेलेली, हे सगळ्या माकुणसारला ठाऊक! रूपेश म्हणाला, "तात्या, जे आहे ते काढलंय. नसलेलं मी काढत नाही." संपलं! "माझ्या अंगनात येऊन माझ्या फौजदाराला टकल्या म्हनतोस?" म्हणत तात्यांनी नारळ भिरकावला, रूपेश वाकला, मागचा पाण्याचा माठ फुटला, तेजल किंचाळली, आणि त्या आवाजाने खवळलेला फौजदार उडाला तो... थेट तात्यांच्या तोंडावर! नखं गालात, चोच कानात, तात्या बोंबलतायत, "मेलो! मेलो! कोनीतरी काढा याला!" रूपेशला काही सुचेना. हातात फळी होती, ती घातली. जोरात!

मग सगळं शांत. फौजदार अंगणात पसरलेला, ना फडफड ना आवाज, आणि तात्या रक्ताळलेला कान धरून त्याच्याशेजारी फतकल मारून लहान मुलासारखे रडतायत. रूपेशला वाटलं, गेलं लग्न. आणि त्याला त्या कोंबड्याचंही वाईट वाटत होतं. इतके रविवार त्याच्या डोळ्याला डोळा लावून बसला होता ना!

बऱ्याच वेळाने तात्यांनी चित्र उचललं, माती झटकली आणि म्हणाले, "आता येवडाच रायला माझा फौजदार. जा, पोरगी दिली तुला... पन मानेवर पिसं काढ."

रूपेशने तेजलकडे बघितलं, घाम पुसला, पेन्सिलीला टोक काढलं आणि बसला खाली. एकेक पीस, हलक्या हाताने. तेजल हळूच म्हणाली, "काय रे, नसलेलं काढत नाय ना तू?"

"मघापर्यंत नव्हती गं पिसं," रूपेश म्हणाला. "आता ते सासरे झाले ना... दिसायला लागलीत."