डाउली म्हणजे काय

यॉर्कशरमधल्या खेड्यातल्या दवाखान्यात मेबल नंबरची वाट बघत होती. पुढच्या बाकावर म्हातारा विल्फ आणि त्याची बहीण हिल्डा बोलत होते.

"डॉक्टरला काय सांगणार आहेस?" हिल्डाने विचारलं.

"डाउली वाटतं म्हणून."

"तो लंडनचा पोरगा. त्याला आपली बोली कुठली कळायला!"

"आई दिवसाला डाउली म्हणायची. ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं मळभ."

"बाबा रिकाम्या घराला म्हणायचे. मुळात बहिरेपणाचा शब्द म्हणे, समुद्रापलीकडच्या लोकांनी आणलेला."

"असेल गं."

"मग तुझं कुठलं, विल्फ? दिवसाचं की घराचं?"

"माझी डोरीन गेल्यापासून किटली कितीही उकळू दे, 'अरे, बंद कर ती' म्हणायला कुणी नाही."

नर्सने विल्फला हाक मारली.

"जा. नीट सांग हं सगळं."

"गुडघा दुखतो म्हणून सांगतो."