बुजगावण्याला विचारलेला पत्ता

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष श्यामलाताई, हे प्रदर्शन भरवणाऱ्या आणि एके काळी माझ्या विद्यार्थिनी असलेल्या वासंतीबाई, सत्कारमूर्ती खराडीचे संपतराव, आणि दुपारची झोप मोडून आलेले सन्माननीय पुणेकर रसिकहो,

संपतरावांविषयी दोन गौरवाचे शब्द बोला, अशी मला विनंती झाली. बोलतो. पण आधी खरं सांगतो, गेली सतरा वर्षं मी या माणसावर जळतोय.

अठ्ठ्याऐंशी साली वाघोलीच्या खाणीत पुतळ्यासाठी दगड बघून परतत होतो. खराडीपाशी लूना बंद पडली. आज तिथे काचेची ऑफिसं आहेत, तेव्हा ज्वारी होती. बांधापलीकडे एक म्हातारा उभा. कमरेवर हात, सगळा भार डाव्या पायावर, मान जराशी कलती. मी विचारलं, "अहो काका, इथे मेकॅनिक कुठे मिळेल?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. मी शनिवार पेठेतला माणूस. म्हणालो, "माहीत नसेल तर तसं सांगा की! तोंडाला कुलूप लावलंय का?"

मागून हे संपतराव आले. "पाव्हणं, त्यो न्हाय बोलायचा. कडब्याचा हाय. मला इचारा."

हसा, हसा. मला मात्र हसू आलं नाही. अहो, मी शिल्पकलेचा प्राध्यापक! अंगाचा भार एका पायावर कसा पेलावा, हे शिकवण्यात माझी हयात गेली. आणि इथे गोणपाट, कडबा, फाटका सदरा, एवढ्यात कंबर दुखणारा माणूस उभा केलेला. त्याच खाणीतल्या दगडातून मी पुढे माझ्या घराच्या वाटेवरच्या बागेतला शेतकऱ्याचा पुतळा घडवला, दोन वर्षं खपून. त्याला आजवर कुणी पत्ता विचारलाय?

त्या शिवारात अशी तीस-चाळीस बुजगावणी होती, प्रत्येक वेगळं. "जो माणूस नजरंत भरला, त्यो उभा करायचा," एवढंच यांचं शास्त्र. मी घरी आलो आणि कुणाकडे ब्र काढला नाही. दोन वर्षांनी वासंतीबाईंनी प्रबंधासाठी विचारलं, "सर, कुणाला ठाऊक नसलेला एखादा कलावंत आपल्या पाहण्यात आहे का?" मी म्हणालो, "नाही." चष्मा पुसत म्हणालो, तेही आठवतंय.

पुढे त्यांनी संपतरावांना स्वतःच शोधून काढलं. पण तोवर शेतं गेली होती आणि बुजगावणी चुलीत. दाराशी मांडलेली चार तेवढी उरली. वासंतीबाई, मला तेव्हा ठाऊक होतं, हे आपल्याला आज, सगळ्यांसमोर कळतंय. मला फार लाज वाटते.

मघाशी आत येताना त्यातल्या चौथ्यापाशी थबकलो. खांद्याला झोळी, कपाळाला आठी, एक हात हवेत, तावातावाने काहीतरी विचारतोय. हा तर मीच! संपतराव शेजारीच होते. म्हणाले, "तुमी गेल्यावर लगीच केला. दर साली नवा कडबा भरला. अवो, तुमाला उभं केलं त्या शेतात एक पाखरू उतरलं न्हाय."

आयोजकांचे आभार. दुसऱ्याच्या सत्कारात मी स्वतःचंच रडगाणं गायलो, ते पोटात घाला. संपतरावांना हार मीच घालणार, हे मी भांडून मागून घेतलंय. तो घालून घरी जाईन, पण बागेवरून जाणार नाही. या वेळेला माझ्या दगडी शेतकऱ्याच्या डोक्यावर कावळे बसलेले असतात.