अडतिसावा डबा

बाई : काका, या तारेला पीळ कोणी दिला?

काका : कुठल्या तारेला?

बाई : काका.

काका : अहो, अंधुक आहे इथे, त्यात चष्मा नाही डोळ्यावर...

बाई : चष्मा खिडकीत आहे, नेहमीच्या जागी. घाला आणि या इकडे. हे सील मी लावलंय. चार महिन्यांपूर्वी, याच जाळीच्या दाराला. तुम्ही शेजारी टॉर्च धरून उभे होतात. माझी तार कडीतून सरळ जाते आणि सीलच्या आत संपते. हिला बाहेर पीळ आहे. छान आहे हो पीळ. घट्ट, नीटनेटका.

काका : उंदीर झालेत फार.

बाई : उंदीर पक्कड घेऊन आले होते?

काका : चहा सांगू का? सकाळपासून उभ्याच आहात.

बाई : चहा नको. दुसरं ऐका. कॅमेऱ्यातलं चित्रण बघितलं मी आत्ता. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, रविवारी, दहा दहापासून बारा पंचविसापर्यंत काहीच दिसत नाही. नुसतं पिवळं पिवळं.

काका : चिमण्या आहेत त्या.

बाई : काय?

काका : पिवळ्या चिमण्या. चादरीवरच्या. नातीची चादर आहे... गेलं, निघालं तोंडातून.

बाई : बसा.

काका : बसून काय होणार आता!

बाई : बसा म्हणते ना. हं, सांगा. पहिल्यापासून.

काका : पहिल्यापासून म्हणजे काय, रंग दिला. ही जाळी, हे दार. बघा की, गंजून पापुद्रे निघाले होते. मागच्या खेपेला तुम्ही फोटो काढलेत, मी म्हटलं हे फोटो जगभर जाणार. वीस-बावीस देशांचे लोक बघणार आणि म्हणणार, यांना दाराला रंग देता येत नाही, हे कसले आले अणुशक्तीवाले. लाज वाटली मला. रंगारी मागितला तर ऑफिसातून उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. म्हटलं, बसा बघत. रविवारी रंगाचा डबा घेऊन आलो आणि स्वतःच लागलो कामाला.

बाई : आणि कॅमेऱ्यावर चादर घातलीत.

काका : तुम्हीच सांगितलं होतंत!

बाई : मी?

काका : पहिल्या वर्षी. स्टुलावर उभं राहून हे काचेचं भिंग पुसत होतात. म्हणालात, काका, जग बुडालं तरी चालेल, पण या काचेवर डाग पडता कामा नये. आता रोलरने रंग देताना थेंब उडणारच. मग घातली चादर. घरात जुनी तेवढीच होती.

बाई : देवा. आणि तार?

काका : गंज खरवडत होतो, तारेच्या ब्रशने. त्यात अडकली. टचकन तुटली. मग आणली पक्कड.

बाई : भिंतीवर तो नंबर कशाला लिहिलाय? काही झालं तर त्याच दिवशी फोन करायचा म्हणून ना? त्या दिवशी सांगितलं असतंत तर एका ओळीत निभावलं असतं. स्टोअरकीपरकडून चुकून तार तुटली. संपलं.

काका : घेतला होता हो हातात फोन. तेवढ्यात बाहेर शिपायाच्या रेडिओवर बातम्या लागल्या. त्या शत्रूदेशाचे मंत्री म्हणत होते, आता चर्चा पुरे, ती जागाच जमीनदोस्त करायला हवी. ती जागा म्हणजे हीच ना? टीव्हीवर नकाशात बाण दाखवतात, तो नेमका या छपरावर येतो. माझं घर बाणाच्या टोकाशी आहे. धीर नाही झाला. ठेवला फोन.

बाई : तुम्हाला कळतंय ना हे बाहेरून कसं दिसतं? दोन तास कॅमेरा झाकलेला. खाली दाराचं सील तुटलेलं. मग कोणीतरी ते गुपचूप जोडलंय. चोरी करणाऱ्यानेही याहून वेगळं काय केलं असतं?

काका : म्हणून तर तीन आठवडे झोप नाही.

बाई : उद्या दहाला त्या सगळ्या देशांची बैठक आहे. आज रात्री आठच्या आत माझा कागद तिथे पोचायला हवा. त्यावर मतं पडणार. निम्मे देश म्हणतायत, अजून बोलू. निम्मे म्हणतायत, हे आपल्याला खेळवतायत.

काका : मग नवीन सील लावा. आहेत ना बॅगेत? मी ब्र काढणार नाही. आठ वर्षं ओळखता मला, बाई.

बाई : ओळखते म्हणून तर जीव जळतोय. पण मी आठ वर्षं काय सांगत आले जगाला? माझी तार शाबूत असेल तर आतलं शाबूत. आज मीच खोटी तार लावली तर उद्या तुमच्या बाजूने कोण बोलणार? माझ्या शब्दाला काय किंमत राहील?

काका : तेही खरंच आहे म्हणा.

बाई : एक विचारू? तुमच्या लोकांना बॉम्ब करायचाय का?

काका : मला कोण विचारतंय! माझ्याकडे युरेनियमच्या पावडरीचे अडतीस डबे आले, अडतीस आहेत. वरच्यांच्या मनात काय शिजतंय ते माझ्या काट्यावर येत नाही. आणि काय हो, तो रेडिओवरचा मंत्री, त्यांच्याकडे ढिगाने आहेत बॉम्ब. ते कोण मोजतं?

बाई : मी नाही. मला त्यांच्या फाटकातही उभं करत नाहीत.

काका : मग!

बाई : मग काही नाही. मला इथे पाठवलंय, मी इथलं मोजते. थांबा. मोजते... काका, सगळे डबे पुन्हा वजन केले तर? एकूण एक. जुन्या नोंदी आहेत माझ्याकडे. ग्रॅमही हलला नसेल तर मी लिहू शकते की तार तुटली, पण आतून काही गेलं नाही.

काका : एका डब्याला नऊ-दहा मिनिटं. सहा तास. आपल्याला फाटक बाराला सोडायचंय. सव्वाअकरा झालेत.

बाई : वेळ वाढवून मिळेल?

काका : साहेबांची परवानगी लागेल. कारण विचारतील.

बाई : काय सांगाल?

काका : काटा बिघडला होता म्हणू?

बाई : आणि उद्या बैठकीत कोणी म्हटलं, बिघडलेल्या काट्यावर कसली वजनं केलीत, तर?

काका : हं... म्हणजे खरंच सांगायला पाहिजे.

बाई : मी बोलू का त्यांच्याशी?

काका : तुम्ही बोललात तर ते म्हणतील, परकी बाई आरोप करते. फाटक बंद. नाही, मलाच बोलायला हवं.

बाई : काका, तुमच्यावर काय शेकेल याचा विचार केलात ना?

काका : केलाय. तीन आठवडे दुसरं काय करतोय! द्या तो फोन इकडे... हॅलो. साहेब, स्टोअरमधून बोलतोय. हो, बाई आहेत अजून. साहेब, त्यांना सहापर्यंत वेळ हवाय. सगळे डबे वजन करायचेत... कारण आहे, साहेब. दाराचं सील तुटलंय... माझ्याकडून... नाही, कोणी सांगितलं नव्हतं. रंग देत होतो... रंग, साहेब, रंग! ऑईलपेंट... नाही, कंत्राटदाराचा माणूस नव्हता. असं कसं म्हणू मी? तो बिचारा आलाच नव्हता त्या दिवशी. कॅमेरा पण मीच झाकला... कोणाकडून पैसे? काय बोलताय, साहेब! बावीस वर्षं... हो. हो. कळतंय, मी काय केलंय ते. पण आता मोजलं नाही तर सगळेच म्हणतील आपण लपवलं. मोजलं तर निदान... हो. थांबतो इथेच. कुठे जाणार?

बाई : काय म्हणाले?

काका : सहापर्यंत. माणसं पाठवतायत.

बाई : मदतीला?

काका : नाही हो. चला, उघडा दार. मी नेहमी एक वाजता घरी जातो जेवायला, बायको ताटं वाढून बसलेली असते, माझ्याशिवाय घास घेत नाही. आज बसेल वाट बघत. कळवताही येणार नाही, आता बाहेर कोणाला फोन करायचा नाही म्हणाले. तुमच्या त्या बाजूने धरा. कमरेतून नका वाकू, गुडघ्यातून.

बाई : मलाच शिकवा.

काका : मग कोणाला शिकवू? गेल्या खेपेला कोणाची कंबर धरली होती?

(संध्याकाळचे पावणेसहा. तीच खोली. दाराबाहेर दोन माणसं उभी आहेत.)

बाई : सदतीस. बरोबर.

काका : ग्रॅमसकट?

बाई : ग्रॅमसकट.

काका : सांगत नव्हतो? तरी बाराव्या डब्याला काटा पुढे गेला तेव्हा मी घाबरलोच होतो.

बाई : झाकणावर पाना राहिला होता हो तुमचा. मीही घाबरले. काका, ते बाहेरचे काय म्हणाले तुम्हाला?

काका : मोजणी होऊ द्या म्हणाले. नंतर जरा बोलायचंय.

बाई : जरा म्हणजे किती?

काका : ते नाही बोलले. म्हटलं, घामाने भिजलोय, घरी जाऊन सदरा बदलून येतो. तर म्हणाले, राहू द्या.

बाई : मी कागदावर स्पष्ट लिहिणार आहे. यांनी स्वतःहून सांगितलं, यांच्यामुळेच मोजता आलं.

काका : लिहा. पण तो कागद तिकडच्यांसाठी. इकडचे वेगळं वाचतात.

बाई : मला राग येतोय. सगळ्यांचाच. तुमचाही. एक फोन केला असतात त्या दिवशी!

काका : माझाही मला येतोय.

बाई : हा शेवटचा डबा मी सावकाश मोजू शकते. काटा पुन्हा शून्यावर आणायचा, पुन्हा ठेवायचा. नियमात बसतं. साडेसात वाजवेन मी.

काका : आणि तुमचा कागद? आठला पोचायचाय ना?

बाई : बघेन मी काय ते.

काका : नको, बाई. त्या बाणाखाली माझी नात राहते. धरा तिकडून. हं, उचला... ठेवा. हात काढा आता. टेबलाला टेकू नका. स्थिर होऊ द्या काटा.

बाई : झाला.

काका : वाचा ना मग.

बाई : बरोबर आहे, काका.

काका : अडतीस आले, अडतीस आहेत. लिहा. कोपऱ्यात ठेवलेली चादर घेतलीत?

बाई : बॅगेत आहे. उद्या बैठकीच्या टेबलावर ठेवायला लावते त्यांना.

काका : धुऊ नका हं. रंगाचे थेंब आहेत तिच्यावर, ते दिसले पाहिजेत... हो हो, आलो, दादा. चष्मा तेवढा घेऊ द्या. बाई, बाहेर पडलात की घरी एक फोन कराल? नंबर रजिस्टरच्या पहिल्या पानावर आहे.

बाई : करते. काय सांगू?

काका : सांगा, जेवून घे.